आधी गळ्यात, मग बोटांत

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई नावाचे गाव आहे. आसपासच्या मुलखात ते ओळखले जाते ते दोन गोष्टींमुळे. एक रेणुकामातेचे ठाणे आणि दुसरी हिरवी मिरची. हंगामात इथला मिरचीचा बाजार भरतो तेव्हा पोत्यांच्या थप्प्या लागतात, मालमोटारी भरभरून परमुलखाला रवाना होतात आणि बाजारातून नुसते चालत गेले तरी नाक हुळहुळते. पण गावाच्या नावात पहिला मान देवीचाही नाही आणि मिरचीचा तर नाहीच नाही. तो आहे पिंपळाचा.

पिंपळ म्हटले की थोरामोठ्यांना पार आठवतो, मुंजा आठवतो. लहान मुलांना मात्र आठवते पिपाणी. निदान आठवत असे. पिंपळाचे कोवळे पान घ्यायचे, त्याची बारीक सुरळी करायची, एक टोक ओठांत धरून किंचित दाबायचे आणि जोरात फुंकायचे. पहिल्या चार फुंका वाया जातात. पाचवीला एकदम ‘प्यां’ असा आवाज निघतो आणि वाजवणाराच दचकतो. पिंपळ नसेल तर पपईच्या पानाचा पोकळ देठ, कांद्याची पात, नाही तर पावसाळ्यात उकिरड्यावर रुजलेली आंब्याची कोय दगडावर घासून केलेली पिपाणी. खेड्यात वाढलेल्या बहुतेक सर्वांचे पहिले सुषिर वाद्य हेच. ‘सुषिर’ म्हणजे पोकळ. फुंकून वाजवायच्या वाद्यांना आपल्या शास्त्रकारांनी दिलेले हे नाव आहे.

गंमत अशी की, या फुकटच्या पिपाणीत आणि मंगलकार्यात वाजणाऱ्या सनईत तत्त्वाचा काही फरक नाही. पिपाणीत पानाचे दोन पदर फुंकरीने थरथरतात, सनईच्या तोंडाशी पाल्याच्या दोन पत्त्या थरथरतात. फरक पुढे आहे. पिपाणीतून आवाज निघतो, चाल निघत नाही. आवाजापासून चालीपर्यंतचे हे अंतर माणूस कसे तोडतो, कोणाकडून शिकतो आणि ते शिकवणारे माणूस आज कुठे आहे, याविषयी आज थोडे बोलावे म्हणतो.

हा विषय मराठवाड्यातल्या माणसाने काढावा यात नवल नाही. तेराव्या शतकात देवगिरीवर यादव राजा सिंघणाचे राज्य असताना त्याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. साऱ्या भारतात आजही तो प्रमाण मानतात. त्याच्या वाद्याध्यायात वंश, मुरली, मधुकरी, काहला, शृंग, शंख अशी फुंकून वाजवायची वाद्ये दिली आहेत आणि त्यातच ‘पाव’ आणि ‘पाविका’ ही नावेही आहेत. गुराख्याच्या कमरेला खोचलेला पावा म्हणजे काही अडाणी माणसाचे खेळणे नव्हे. देवगिरीच्या पंडिताने त्याच्या नावाची पोथीत नोंद केली आहे! त्याहूनही मागे जायचे तर भोकरदनहून फार लांब नसलेल्या अजिंठ्याला जावे. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी आहे आणि तिच्या भोवतीच्या वादक स्त्रियांत बासरी वाजवणाऱ्या आहेत. त्यांची बोटे छिद्रांवर ज्या तऱ्हेने ठेवलेली आहेत ती पाहिली की चित्रकाराने बासरी वाजवणारी माणसे जवळून पाहिली असणार याबद्दल शंका राहत नाही.

आता चाल म्हणजे काय ते पाहू. लोकगीताची चाल ही फार लहान चीज असते. चार सूर, फार तर पाच. शिकलेल्या माणसाला वाटते, एवढे तर आपण अर्ध्या तासात उचलू. पण हे छोटेपण फसवे आहे. पंडित कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन १९४८ साली देवासला येऊन राहिले. काही वर्षे त्यांना गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानांवर माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी पडत राहिली. ती त्यांनी नुसती ऐकली नाहीत, तपासली. त्यातून त्यांच्या मनात जे पक्के झाले ते असे, की राग आधी आणि लोकधुना नंतर असे नसून, रागांचे मूळच या धुनांत आहे. अशा धुनांतून त्यांनी काही नवे रागही उभे केले आणि त्यांना ‘धुनउगम राग’ म्हटले. चार-पाच सुरांच्या चालीत एवढे बीज असते. बी लहान असते म्हणून ते सोपे असते असे नाही.

आपल्याकडची अशी सर्वांत परिचित चाल म्हणजे जात्यावरच्या ओवीची. गावागावांत, घराघरांत तिचे वळण थोडे बदलते. पण गाभा तोच. निवृत्तीनंतर दोन-तीन हिवाळे मी मराठवाड्यात काढले आणि ही चाल पाव्यावर वाजवायला बसलो. बँकेत चौतीस वर्षे आकड्यांची सवय झालेली. म्हणून पहिल्या दिवशी मी वही-पेन घेऊन बसलो होतो. समोर जे वयोवृद्ध आबा होते, त्यांचा जन्म गुरे राखण्यात गेलेला. त्यांनी वहीकडे पाहिले आणि म्हणाले, “साहेब, आधी गाऊन दावा की. गळ्यात नाही ते बोटात कुठून यायचं?”

पुढे कळत गेले ते असे, की पाव्यावर चाल शिकणे म्हणजे तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच वेळी शिकणे. पहिली गोष्ट फुंकर. आडव्या बासरीत फुंकर कोणत्या कोनातून कडेवर आदळायची हे ओठांनी ठरवायचे असते. त्यामुळे नवशिक्याचे पहिले दिवस नुसता वारा घालण्यात जातात. उभ्या पाव्याला तोंडाशी बूच बसवलेले असते. त्यातली फट फुंकर आपोआप कडेवर नेऊन पोचवते. म्हणून पावा लगेच बोलतो. पण लगेच चुकतोही. जोर थोडा वाढला की सूर उडी मारून वरच्या सप्तकात जातो. तान्ह्या मुलाला गरम दुधाचा घोट फुंकून द्यावा तितकीच हलकी फुंकर हवी, आणि तीही ओळीच्या शेवटापर्यंत सारखी.

दुसरी गोष्ट बोटे. सहा छिद्रे, सहा बोटे. नवशिक्याचे बोट छिद्रावर असते, पण छिद्र झाकलेले नसते. केसाएवढी फट राहते आणि सूर किंचाळतो. बोटाच्या टोकाने नव्हे, तर गादीने छिद्र झाकावे लागते. चालू पद्धतीने वरची तीन छिद्रे झाकली की षड्ज, दोन झाकली की ऋषभ, एक झाकले की गंधार. सगळी मोकळी सोडली की तीव्र मध्यम येतो आणि शुद्ध मध्यम हवा असेल तर पहिले छिद्र अर्धे झाकावे लागते. हे अर्धे म्हणजे नेमके किती, ते कोणत्याही पुस्तकात लिहिता येत नाही. ते कानाला विचारावे लागते. आणि लोकचालीत तर एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट घसरत जाते. बोट उचलायचे नाही, छिद्रावरून हळूच सरकवायचे. चालीची सारी माया त्या सरकण्यात आहे.

तिसरी गोष्ट श्वास कुठे घ्यायचा. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची हीच. ओवीची ओळ जात्याच्या फेऱ्यांना बांधलेली आहे. दळणारी बाई दाणे टाकते, खुंटा ओढते, ओळ म्हणते आणि जिथे दम संपतो तिथे ओळ संपते. म्हणजे चालीची लांबी घड्याळाने ठरलेली नाही, कष्ट करणाऱ्या बाईच्या दमाने ठरलेली आहे. पाव्यावर शब्द नसतात. पण ज्याला ओवीचे शब्द ठाऊक नाहीत त्याला श्वास कुठे घ्यावा हे कळत नाही. तो भलत्याच ठिकाणी तोडतो आणि चालीचा अर्थ नाहीसा होतो. शब्द नसतानाही शब्दांच्या जागा राखायच्या असतात. आबा आधी गायला का सांगत होते, याचा उलगडा मला इथे झाला.

या साध्या नळीचे शास्त्रही रंजक आहे. दोन्ही टोकांनी उघड्या असलेल्या नळीचा सूर तिच्या लांबीवर ठरतो. नळीच्या लांबीच्या दुप्पट लांबीची ध्वनिलहर तिच्यात मावते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर ३४ सेंटिमीटरच्या नळीतून सेकंदाला साधारण ५०० कंपनांचा सूर निघावा. प्रत्यक्षात तो थोडा खालीच लागतो. नळी लांब केली की सूर खाली जातो. पन्नालाल घोष (१९११ ते १९६०) यांनी बासरी जवळजवळ बत्तीस इंचांपर्यंत लांबवली आणि गुराख्याच्या वाद्याला रागसंगीताच्या मैफलीत बसवले, ते याच नियमाच्या आधाराने. शिवाय हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने. डिसेंबरच्या पहाटेचे दहा अंश आणि मे महिन्यातल्या दुपारचे चाळीस अंश यांत हिशेबाने पाच टक्क्यांचा फरक पडतो. म्हणजे गंधाराचा जवळजवळ मध्यम व्हावा! वाजवणाऱ्याच्या उबदार फुंकरीमुळे प्रत्यक्षात फरक कमी होतो हे खरे. पण मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पावा चढतो, ही गुराख्यांची तक्रार अगदी शास्त्रशुद्ध आहे.

एवढे सोपे वाद्य, एवढी लहान चाल, आणि तरीही ती शिकवणारी माणसे का मिळत नाहीत? याचे उत्तर संगीतात शोधून सापडत नाही. ते गावाच्या रचनेत शोधावे लागते.

पावा हा एकट्याचा सोबती. गावाचे अधिकृत वाद्य सनई. ती एकटी नसते. एक जण चाल वाजवतो आणि शेजारी दुसरा नुसता एक सूर धरून बसतो. त्या वाद्याचे नावच ‘सूर’. तो तुटता कामा नये. म्हणून वाजवणारा गालांत हवा साठवतो, ती बाहेर सोडता सोडता नाकाने नवी आत घेतो. आपल्या आदिवासी बांधवांचा तारपा आणि पावरी ही भोपळ्याची वाद्येही याच विद्येवर चालतात. नवशिक्या पोराला आधी हा सूरच धरायला बसवीत. दोन-दोन वर्षे पोर एकच सूर धरून बसे आणि शेजारची चाल कानांवाटे त्याच्या अंगात मुरत राही. वही नाही, स्वरलिपी नाही, परीक्षा नाही. याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.

पण या शाळेत प्रवेश जन्माने मिळत असे. देवळात वाजवणारा गुरव, वरातीत वाजवणारे मातंग, दक्षिण महाराष्ट्रात होलार. वाजंत्र्याशिवाय लग्न लागत नसे आणि वाजंत्र्याला मांडवात बसता येत नसे. सनईच्या सुरावर नवरानवरीच्या डोक्यावर अक्षता पडत आणि ज्याच्या फुंकरीतून तो सूर निघाला त्याची पंगत शेवटी, उन्हात, वेगळी बसे. पिढ्यान्‌पिढ्या शुभ वाजवणाऱ्यालाच अशुभ मानणारा हा आपला समाज!

ऐंशीच्या दशकात मी मराठवाड्यातल्या एका ग्रामीण शाखेत अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जे वाटायचे ते दिवस. म्हैस, शेळ्या, शिवणयंत्र, किराणा यांच्या अर्जांत अधूनमधून एक अर्ज येई, बँड साहित्याचा. असाच अर्ज घेऊन आलेल्या एका गृहस्थांच्या काखेत कापडी पिशवी होती आणि पिशवीत सनई. त्यांना क्लॅरिनेट घ्यायची होती. सनई चांगली वाजते, मग ही कशाला, असे मी विचारले. त्यावर त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा, की सनईवाल्याला लोक जातीने ओळखतात आणि बँडवाल्याला गणवेशाने. गणवेशातल्या माणसाला ‘मास्तर’ म्हणतात. कर्ज मंजूर झाले आणि त्यांनी हप्तेही वेळेवर फेडले. अर्जातल्या ‘कर्जाचे प्रयोजन’ या रकान्यात ‘उत्पन्नवाढ’ असे लिहिलेले होते. खरे प्रयोजन लिहायला त्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

म्हणून ‘जुनी कला बुडाली हो’ असा गळा काढणाऱ्यांत मला सामील होता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला गावकीची हीन मानलेली कामे सोडून देण्याची हाक दिली. पुढच्या काळात कित्येकांनी वाद्ये खाली ठेवली. ती ठेवलीच पाहिजे होती. वाजंत्र्याचा मुलगा शिकून तलाठी झाला, शिक्षक झाला आणि त्याने बापाची सनई आढ्याला टांगली, तर त्यात कलेचा ऱ्हास नसून माणसाची सुटका आहे. प्रश्न एवढाच, की अपमानाबरोबर चालही फेकली पाहिजे का?

तसे होत नाही, याचा पुरावा आपल्या मातीतच आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर त्यातल्या कित्येक बायकांच्या आवाजात ऐकता येतात. त्यांत राम-सीतेच्या आहेत, भावाच्या आहेत, सासुरवासाच्या आहेत. आणि मराठवाड्यातल्या माजलगावच्या दलित वस्तीतल्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्याही आहेत. चाल जुनी, देव नवा! वामनदादा कर्डकांनी (१९२२ ते २००४) गावोगाव गाऊन जो विचार पोचवला, तोही लोकांच्या कानांत आधीच घर करून असलेल्या चालींच्या खांद्यावरून. चालीला जात नसते. जात असते ती वाजवणाऱ्याला बसायला दिलेल्या जागेला.

आजचे चित्र जरा विचित्र आहे. लग्नात मुहूर्ताच्या वेळी सनई वाजते, पण ती पेन ड्राइव्हमधून. वरातीत ‘नागिन’ची धून वाजते आणि माणसे रस्त्यावर लोळतात. त्या धुनेची तर आणखी एक गंमत आहे. १९५४ च्या त्या चित्रपटात हेमंतकुमारांच्या संगीतात जी ‘पुंगी’ ऐकू येते ती भोपळ्याची पुंगी नव्हेच. कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर ती वाजवली होती. म्हणजे पुंगीचे सोंग यंत्राने घेतले आणि पुढे साऱ्या देशाने त्या सोंगालाच अस्सल मानले. दुसरीकडे शहरांतली शिकली-सवरलेली मुले मोबाइलवर पाहून बासरी शिकत आहेत. विजेच्या फिटिंगच्या प्लॅस्टिक नळीला तापल्या सळईने भोके पाडून स्वस्तात बासऱ्या होत आहेत. हे सगळे चांगलेच आहे. कोणत्याही जातीच्या मुलाने, मुलीने कोणतेही वाद्य तोंडाला लावावे, याला आता कोणी हरकत घेत नाही. ही काही लहान गोष्ट नाही.

पण एक दुवा निखळला आहे. ज्यांना शिकायचे आहे ती मुले शहरात पडद्यासमोर बसली आहेत आणि ज्यांच्या गळ्यात चाल आहे ती म्हातारी माणसे खेड्यात ओसरीवर बसली आहेत. दोघांची गाठ पडत नाही. पडद्यावरून बोटे कळतात. कोणते छिद्र केव्हा झाकायचे ते स्वच्छ दिसते. श्वासाची जागा मात्र कळत नाही. कारण ओळ तिथेच का संपते, ही कोणाच्या दमाची लांबी आहे, हे सांगायला पडद्यावरच्या शिक्षकाला सवड नसते आणि बहुधा ते त्यालाही कोणी सांगितलेले नसते.

राज्य सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे, आणि ती हवीच. पण हिशेबनीस म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला एक फरक दिसतो. मानधन म्हणजे पूर्वी केलेल्या कामाची पावती. शिकवणी म्हणजे आज केलेल्या कामाचा मोबदला. म्हाताऱ्या वाजवणाऱ्याला पहिल्याने दोन घास मिळतात. दुसऱ्याने त्याला ‘गुरुजी’ ही हाक मिळते. जी हाक ऐकण्यासाठी त्याच्या बरोबरीच्या माणसांना सनई सोडून क्लॅरिनेट घ्यावी लागली, ती आता सनईसकट मिळू शकते. त्यासाठी सरकारचा आदेश लागत नाही. शिकणाऱ्याने त्याच्या ओसरीवर जाऊन, त्याच्यासमोर खाली बसावे लागते. आणि जाताना पाकीट ठेवावे लागते. शाळेच्या शिकवणीला ठेवतो तेवढेच.

घरोघरी आता दिवाळीच्या आणि मेच्या सुट्ट्यांचे बेत ठरतात. मुलांना पोहायला घालायचे, चित्रकलेला घालायचे, संगणकाला घालायचे. त्यात एक लहानसा बेत आणखी बसवता येईल. आपापल्या गावची एक चाल, एकच, मुलाने शिकून यावी. तीस-चाळीस रुपयांचा जत्रेतला पावा पुरतो. आधी घरातल्या आजीला ओवी म्हणायला लावावे. ती ‘आता कुठलं आठवतंय’ म्हणेल आणि मग म्हणू लागेल. मुलाने ती आधी गळ्यात घ्यावी. मग गावातला जो कोणी पावा, सनई, सूर वाजवीत होता त्याचे घर विचारीत जावे. तो पहिल्या दिवशी हसेल, ‘काय करता साहेब याचं’ म्हणेल. दुसऱ्या दिवशी आढ्याला हात घालेल.

पाच सुरांच्या चालीने पोट भरत नाही, स्पर्धापरीक्षेत गुण मिळत नाहीत. पण पंधरा दिवसांनी मूल जेव्हा ओळीच्या बरोबर शेवटी श्वास घेईल, तेव्हा कुठल्या तरी न पाहिलेल्या बाईच्या पहाटेच्या दळणाचा दम त्याच्या छातीत भरलेला असेल. घराण्याची खूण म्हणून आपण सोन्याचा एखादा मणी जपून ठेवतो, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो. हा ऐवज लॉकरमध्ये ठेवता येत नाही. तो फुंकावा लागतो.